ज्याचा त्याचा ट्रॅक्टर

लातूरकडच्या माणसाची नीट ओळख करून घ्यायची असली तर त्याचं गाव, आडनाव, पाहुणेरावळे असल्या चौकशीत फार वेळ घालवू नये. त्याच्या घरचा ट्रॅक्टर कोणता, एवढंच विचारावं. त्या एका उत्तरात त्याचा स्वभाव, त्याची जमीन, त्याच्यावरचं कर्ज, आणि फार काय, त्याचं चुलत्याशी पटतं की नाही हेही कळून चुकतं. पटत असेल तर दोघांच्या दारात एकाच कंपनीचा ट्रॅक्टर असतो. पटत नसेल तर चुलत्याचा लाल म्हणून पुतण्याचा निळा, हे अगदी ठरलेलं!

दिवाळीच्या आगेमागे लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची आवक सुरू झाली की ही गंमत बघण्यासारखी असते. ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, काटा व्हायला वेळ असतो, आणि चहाच्या हॉटेलातल्या बाकांवर शेतकरी बसलेले असतात. आता इतकी माणसं एकत्र बसल्यावर भावाबद्दल बोलतील, पावसाबद्दल बोलतील, असं आपल्याला वाटतं. बोलतातही, पण पाच मिनिटं. मग कुणीतरी सहज म्हणतो, “चढाला तुझं यंत्र लई धूर सोडायलंय की!” झालं! महिंद्रावाले एका बाकावर, स्वराजवाले दुसऱ्या बाकावर, आणि हिरव्या जॉन डिअरचा मालक कोपऱ्यात एकटाच, जरा श्रीमंती हसू चेहऱ्यावर ठेवून बसलेला. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन चिखलातून कोण निघालं, कुणाचं पुढचं चाक उचललं, कुणाला कुणी साखळी लावून ओढून काढलं, याच्या कथा सुरू होतात. प्रत्येक कथेत फसलेला ट्रॅक्टर दुसऱ्याचा असतो आणि ओढून काढणारा आपला.

मी शाळेत शिकवतो. चित्रकलेच्या तासाला मुलांना ट्रॅक्टर काढायला सांगितला की वर्गाचे तीन पक्ष पडतात. ज्याच्या घरी लाल त्याचं चित्र लाल, ज्याच्या घरी निळा त्याचं निळं. शेजारच्यानं चुकून आपल्या चित्रात दुसरा रंग भरला तर ते पोर हात धरून ओढतं. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा पाटीवर नुसती रेघांची आकृती काढून बसला होता. “रंग का देत नाहीस?” विचारलं, तर म्हणाला, “गुरुजी, आमच्याकडं कोणताच न्हाई. मी कोणता देऊ?” मला काय उत्तर द्यावं सुचेना. थोड्या वेळानं त्यानंच आपला प्रश्न सोडवला आणि सगळा ट्रॅक्टर पिवळाजर्द करून टाकला. त्याचा मामा जेसीबीवर कामाला होता.

ही रंगांची भांडणं ट्रॅक्टरांबरोबर आली असं मात्र कुणी समजू नये. ट्रॅक्टर आमच्या भागात यायच्या कितीतरी आधी ती होती. तेव्हा ती बैलांची होती. आमच्याच जिल्ह्यातलं देवणी हे गाव ज्या बैलांना नाव देऊन गेलं ते देवणी बैल, आणि नांदेडकडच्या कंधारचे लाल कंधारी. देवणी पांढराशुभ्र, त्यावर काळे ठिपके, कान लांब, चाल डौलदार. त्यातही पुन्हा पोटभेद आहेत: तोंडाच्या बाजू काळ्या असल्या तर वानेरा, अंगभर काळे पट्टे विस्कटलेले असले तर शेवरा, आणि वरून पांढराच दिसला तर बालंक्या. लाल कंधारी याउलट एकरंगी, गर्द तांबडा, बांध्यानं जरा आटोपशीर, पण उन्हाला आणि उपासाला चिवट. माझे आजोबा देवणीवाले. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात दिवसभर फिरून ते फक्त देवणी बघायचे. तांबड्या बैलांच्या दावणीवरून जाताना मान वळवायचेसुद्धा नाहीत. आणि दैव असं, की त्यांनी सून आणली ती कंधार तालुक्यातली! माझ्या आजोळी चार पिढ्या लाल कंधारीशिवाय दुसरं जनावर गोठ्यात शिरलं नव्हतं.

लग्नात देण्याघेण्यावरून रुसवेफुगवे होतात हे मी पुष्कळ ऐकलं आहे. आमच्या घरी बैलांवरून झाले. आजोळच्या आजोबांनी लेकीला आंदण म्हणून एक तांबडी कालवड देऊ केली. आमच्या आजोबांनी ती घेतली, नाही म्हणता येत नव्हतं. पण तिला देवणीच्या गोठ्यात न बांधता वेगळ्या छपरात बांधली. आई सांगते, की पहिली दोन वर्षं ती रोज पहाटे त्या छपरात जाऊन कालवडीच्या गळ्याला हात घालून उभी राहायची. माहेरचं दुसरं कुणी जवळ नव्हतं. पुढं दुष्काळात देवण्यांची हाडं वर आली तेव्हा ती तांबडी तेवढी दोन वेळा अर्धा-अर्धा शेर दूध देत राहिली. आजोबांनी त्यानंतर तिला गोठ्यात आणून बांधली, पण तिच्याबद्दल चांगला शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. फार तर म्हणायचे, “खाती कमी.”

तेव्हा माणूस बैलावरून उतरून ट्रॅक्टरवर बसला म्हणून त्याचा स्वभाव बदलला नाही. खुरांच्या जागी चाकं आली इतकंच. नवं यंत्र स्वीकारायलाच मुळात आपला शेतकरी वेळ घेतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावला लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडानं जमिनीला विष चढेल अशी भीती शेतकऱ्यांना वाटत होती, आणि पहिले थोडेसे नांगर खपायला वर्षं लागली. पण एकदा विश्वास बसला तो असा, की पुढं शेतकऱ्याच्या तोंडी लोखंडी नांगर म्हणजे किर्लोस्कर आणि तेलावरचं इंजिन म्हणजेही किर्लोस्कर. विहिरीवर दुसऱ्याच कंपनीचं इंजिन बसवलं असलं तरी आजोबा “किर्लोस्कर सुरू कर रे” असंच म्हणायचे. आधी नको म्हणायचं, आणि मग सोडायचं म्हणून नाही, अशी आमची रीत.

ट्रॅक्टरांचंही तेच झालं. देशात पहिला ट्रॅक्टर तयार झाला तो १९५९ साली फरीदाबादला, आयशरचा. १९६३ साली महिंद्रांनी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत कंपनी काढली आणि बी-२७५ हा पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणला. मद्रासकडून मॅसी फर्ग्युसन आला. एस्कॉर्ट्सनं फोर्ड आणला. गावातली जुनी माणसं अजून ‘फोर्ड छत्तीसशे’ हे नाव एखाद्या पैलवानाचं घ्यावं तसं घेतात. स्वराज १९७४ सालचा. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्याच इंजिनियरांनी केलेला, आणि कारखाना पंजाबातल्या मोहालीला. हिरवा जॉन डिअर सगळ्यांच्या मागून आला, पुण्याजवळच्या सणसवाडीहून. एवढे सगळे लांबून आले. पण आमच्या बांधावर उभे राहिले की दोनेक वर्षांत ते भावकीतले होऊन गेले.

आणि गंमत बघा. स्वराजची कंपनी महिंद्रांनी २००७ साली विकत घेतली. म्हणजे आडत बाजारातल्या हॉटेलात लाल बाक आणि निळा बाक एकमेकांकडे पाठ करून बसतात तेव्हा दोघांचे पैसे जातात एकाच घरात! तसंच आयशरचे ट्रॅक्टर मॅसीवाल्यांनी २००५ साली घेतले. ही गोष्ट मी एकदा त्या बाकांवर मुद्दाम सांगितली. मला वाटलं, मोठा हशा होईल, दोन बाक जवळ येतील. छे! एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “गुरुजी, मालक एक झाला म्हणून काय झालं? दोन बायका एका नवऱ्याच्या असल्या तरी चुली येगळ्याच असतेत.” यावर मी माझा चहा संपवला.

पण आपलीच माणसं अशी वेडी आहेत असं समजून कुणी संकोचायचं कारण नाही. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेत मिनेसोटा नावाच्या राज्यात आहे. तिकडे वर्षातले पाच महिने बर्फ. त्या बर्फावरून पळणारी एक गाडी असते: पुढं दोन घसरपट्ट्या, मागं रणगाड्यासारखा फिरणारा पट्टा, आणि वर मोटारसायकलसारखं बसायचं. तो सुट्टीत गावी आला तेव्हा सांगत होता, “गुरुजी, आपल्याकडच्या ट्रॅक्टरवाल्यांची तिथं मला रोज आठवण येते.” पोलारिसवाला आर्क्टिक कॅटवाल्याला वेड्यात काढतो, आर्क्टिक कॅटवाला पोलारिसवाल्याला, आणि कॅनडातल्या बॉम्बार्डियरचा १९५९ सालापासूनचा स्की-डू वापरणारे या दोघांनाही. बाप ज्या कंपनीच्या गाडीवर बसला तिचंच जाकीट पोराच्या अंगात! आणि पुढची गोष्ट तर मला फारच आवडली. पोलारिस ही कंपनी १९५४ साली रोझो नावाच्या लहानशा गावात एडगर हेटीन, त्याचा भाऊ अ‍ॅलन आणि त्यांचा एक मेहुणा-मित्र अशांनी उभी केली. १९६० साली एडगरचं बाकीच्यांशी बिनसलं. तो बाहेर पडला आणि थीफ रिव्हर फॉल्स नावाच्या दुसऱ्या गावी त्यानं नवा कारखाना टाकला. तीच पुढं आर्क्टिक कॅट झाली. दोन्ही गावांतलं अंतर लातूर ते नांदेड आहे त्याहूनही कमी. भाऊ जुन्या कंपनीत राहिला, हा नव्या. म्हणजे तिकडचं ते भांडणही अखेर वाटणीचंच! ते ऐकल्यापासून मला मिनेसोटा औसा तालुक्याला लागूनच असल्यासारखं वाटतं.

ही निष्ठा येते कुठून, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. काही कारणं अगदी व्यवहाराची आहेत. ज्या ट्रॅक्टरचा मिस्त्री गावात आणि सुटे भाग तालुक्याला मिळतात तो ट्रॅक्टर चांगला. मृग बरसून वाफसा आला की पेरणीला चारच दिवस असतात. त्या चार दिवसांत यंत्र बंद पडलं आणि भाग पुण्याहून यायचा असला, तर ते यंत्र सोन्याचं असूनही काय उपयोग? शिवाय विकायला काढल्यावर काय किंमत येते हेही शेतकरी घेतानाच बघतो. चालवणाऱ्या हाताची सवय हे तिसरं कारण. एका कंपनीच्या गिअरला बसलेला हात दुसऱ्यावर अंधारात चाचपडतो. एवढं सगळं खरं. पण यातून फार तर पसंती होते. पसंतीसाठी कुणी लग्नाच्या पंगतीतून उठून जात नाही. त्याच्या मुळाशी दुसरंच काहीतरी असतं.

आमच्या शेजारच्या काकांचं उदाहरण सांगतो. त्यांनी नवा ट्रॅक्टर घेतला. कोणत्या कंपनीचा ते इथं सांगत नाही. पहिल्याच वर्षी त्याचं हायड्रॉलिकचं तेल दोनदा गळलं आणि नांगर अर्ध्यावर लोंबकळत राहिला. काका रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. एके दिवशी ते ओट्यावर असतानाच फोन वाजला. पलीकडून एक मुलगी मोठ्या गोड आवाजात विचारत होती, की आपल्या ट्रॅक्टरबद्दल आपण कितपत समाधानी आहात. एक ते दहापैकी किती गुण द्याल? काका म्हणाले, “पोरी, चाळीस वर्सं झाली लग्नाला, मी बायकोला बी कधी नंबर दिला न्हाई.” ती मुलगी काही केल्या सोडेना. तेव्हा काकांनी घसा साफ केला आणि सांगितलं, “दहा. लिही, दहापैकी दहा.”

मी अवाक झालो. म्हटलं, “काका, आत्ता तर तुम्ही त्याला भंगारात घालायला निघाला होता!” काका म्हणाले, “ते तुझ्यापाशी. तिला काय सांगू? दोन एकराचा तुकडा गहाण टाकून आणलंय. पाच गुण म्हणालो तर पाच गुणाचं येडं घरात आणणारा मी किती गुणाचा?”

त्या दिवसापासून समाधानाच्या मोजणीवरचा माझा विश्वास उडाला आहे. माणूस वस्तूला गुण देतो तेव्हा त्यात त्याच्या स्वतःच्या शहाणपणाचे गुण मिसळलेले असतात. ते वेगळे काढायची चाळणी अजून कुणाला सापडलेली नाही. मुलीसाठी स्थळ निवडलेल्या बापाला ‘जावई कसा आहे?’ असं चारचौघांत विचारून बघा!

पण माझ्या मनात हा विषय खरा घोळतो तो आबांमुळं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांनी १९८८ साली भूविकास बँकेचं कर्ज काढून एचएमटीचा पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला. एचएमटी हा सरकारी कारखाना. लोकांना माहीत तो घड्याळांचा. आबांच्या मनगटावरही लग्नातलं, चावी द्यायचं एचएमटी होतं. “जे सरकार घड्याळ चुकू देत न्हाई ते ट्रॅक्टर कसं चुकू देईल?” एवढ्या एका विचारावर त्यांनी तो घेतला. झेटर नावाच्या झेकोस्लोव्हाकियातल्या ट्रॅक्टरच्या धर्तीवर हरियाणात पिंजोरला १९७१ सालापासून हे ट्रॅक्टर बनत होते. आमच्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडं तो नव्हता. लोक हसले. आबांनी पाच वर्षांत कर्ज फेडलं.

१९९३ सालच्या सप्टेंबरची तीस तारीख आमच्या भागातल्या माणसाला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. पहाटे चारला थोडी मिनिटं असताना किल्लारीची धरणी हलली. आमचं गाव तिथून काही कोसांवर. आमच्या भिंतींना नुसत्या भेगा गेल्या. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. सगळे अंगणात बाहेर बसलेले, आणि उजाडायच्या आत बातमी आली, की तिकडं गावंच्या गावं बसली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. झोपलेली माणसं त्याखाली. आबांनी ट्रॉली जोडली, घरातली सगळी पासोडी आणि दोन घागरी पाणी टाकलं, आणि निघाले. ते पाचव्या दिवशी परत आले. त्या दिवसांत पाऊसही पडत होता. जाताना जखमींना लातूरच्या दवाखान्याकडं न्यायचं, परत येताना डिझेल आणि भाकरी घेऊन यायचं. पहिल्या दोन दिवसांनंतर ट्रॉलीत जखमी कमी झाले आणि मग नुसतीच झाकलेली माणसं होती.

आबा याबद्दल बोलत नसत. मी मोठा झाल्यावर एकदाच एवढं म्हणाले, की चार दिवस इंजिन बंद केलं नव्हतं. “बंद केलं आणि परत सुरू झालं न्हाई तर? त्या भ्यावानं मी त्याच्यावरच डोळा लावायचो. त्यानं एकदा बी फसवलं न्हाई.” त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी ट्रॅक्टरची पूजा केली ती नारळ न फोडता. पाच दिवस आवाज ऐकून ऐकून त्यांना कसलाच फुटण्याचा आवाज सहन होत नव्हता.

आता अशा माणसाला कुणी एक ते दहापैकी गुण विचारावेत?

पण मी आबांची बाजू घेऊन बोलतो आहे, आणि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ती दादाची, आबांच्या थोरल्या मुलाची. ट्रॅक्टर आबांचा, पण वीस वर्षं तो चालवला दादानं. जुन्या यंत्राचं सुकाणू जड, बैठक टणक. काळ्या रानातली नांगरट म्हणजे दिवसभर ढेकळांवर आपटत राहायचं. त्याची कंबर गेली. लातूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, मणक्यातली गादी सरकली आहे. शिवाय पल्टी नांगर आणि रोटाव्हेटर ओढायला त्या पस्तीस अश्वशक्तीत दम नव्हता; लोकांची कामं हातची जायला लागली. २०१४ साली दादानं पन्नास अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. विक्रेता म्हणाला, जुना आणून द्या, तेवढे पैसे कमी करतो. आबा म्हणाले, “नवा घे. ह्याला हात लावू नको.” दादा एरवी बापापुढं मान वर न करणारा, त्या दिवशी म्हणाला, “आबा, तुमची माया माझ्या कमरंतून निघायलीय.”

आठ महिने बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. एका घरात, एका ताटाच्या अंतरावर बसून जेवायचे आणि भाजी वाढायला वहिनीला सांगायचे. नवा ट्रॅक्टर आला. त्याचं सुकाणू एका बोटानं फिरतं. दादाची कंबर वाचली, हे मला नाकारता येत नाही. आबा मात्र त्यावर कधी बसले नाहीत. शेतावर चालत जायचे.

जुन्याला हलकी कामं राहिली. २०१६ सालचा तो उन्हाळा आठवत असेल. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. एप्रिलमधली ती पहिली पाण्याची गाडी बघायला लोक स्टेशनवर जमले होते. त्या उन्हाळ्यात आमच्या गावाला तीन मैलांवरच्या विहिरीवरून टाकी ओढून आणली ती एचएमटीनं. दिवसाला सहा खेपा. आबाच चालवायचे, पंच्याहत्तरीच्या घरातले. नव्या ट्रॅक्टरचे हप्ते तेव्हा थकले होते, आणि दादा डिझेलसुद्धा उधार आणत होता. तिसऱ्या का चौथ्या दिवशी दादा न बोलता टाकीचा पाइप धरायला उभा राहिला. आठ महिन्यांचा अबोला संपूनही जो एक दुरावा राहिला होता तो तिथं पाण्यात वाहून गेला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्तमानपत्रात बातमी आली, की पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचं सरकारनं ठरवलं. घड्याळांचा निकाल त्याच वर्षी आधी लागलेला होता. बातमी मीच आबांना वाचून दाखवली. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाला चावी दिली आणि विचारलं, “तिथल्या कामगारांचं काय केलं म्हणे?” बाकी काही नाही. कर्ज दिलेली भूविकास बँक तोवर मोडीत निघालीच होती. कर्ज देणारा गेला, बनवणारा गेला. वस्तू तेवढी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी.

गेल्या वैशाखात दुपारी एक अनोळखी गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. भालकीकडचे, बोलण्यात कानडीचा हेल. बसनं आले होते आणि पुढं तीन मैल चालत. “मालक, तुमच्याकडं यचयमटी हाय म्हणून उदगीरच्या मिस्त्रीनं सांगितलं.” पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला एक गिअर काढला. त्याचे तीन दाते झिजून गेले होते. तीसेक वर्षं राबल्यावर झिजणारच. बाजारात नवा मिळत नव्हता, नकली दोनदा घालून बघितला, टिकला नाही. साडेतीन एकर, दोन पोरी शाळेत, नवा घ्यायची ऐपत नाही. मृगाला महिना राहिलेला.

तो गिअर काढायचा म्हणजे ट्रॅक्टर मधोमध तोडावा लागतो. इंजिन एकीकडं, गिअरपेटी एकीकडं. आणि तो काढून दिला की आमचा पुन्हा जोडून उपयोग नाही. हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आबा उठले, पत्र्याखाली गेले, आणि बॉनेटवरची धूळ हातानं पुसत जरा वेळ उभे राहिले. मग बाहेर येऊन दादाला म्हणाले, “पाने काढ. खोल.”

दादा म्हणाला, “आबा, उद्या बघू. मिस्त्री सांगून पाठवतो, दुसरीकडं कुठं मिळतो का...” मी त्याच्याकडं बघतच राहिलो. हाच तो, ज्याला हे यंत्र भंगारात घालायचं होतं! त्याचा आवाज कापत होता.

“त्याचा मृग थांबणार हाय का?” आबा म्हणाले.

दोन दिवस काम चाललं. मिस्त्री आला होता, पण एकेक नटबोल्ट दादानं स्वतः काढला, डिझेलमध्ये धुतला आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात घालून ठेवला. मी मध्ये एकदा विचारलं, की आता हे परत बसवायचे नाहीत तर धुतोस कशाला? त्यानं मान वर केली नाही. पाहुण्यांनी पैसे पुढं केले. आबा घेईनात, पाहुणे उठेनात. शेवटी आबांनी त्यांच्या धाकट्या मुलीची इयत्ता विचारली आणि पैसे तिच्या वह्यांना म्हणून परत त्यांच्याच खिशात घातले. बसथांब्यापर्यंत आबा त्यांच्याबरोबर चालत गेले. वाटेत सारखं सांगत होते: थंडीत सकाळी जरा दम धर, क्लचवर पाय ठेवून बसू नको, उतारावर न्यूट्रल करू नको.

पंधरा दिवसांनी भालकीहून फोन आला. गिअर बसला होता, यंत्र सुरू झालं होतं. पाहुणे ओरडून सांगत होते आणि मागं इंजिनाचा आवाज येत होता. दादानं फोन आबांच्या कानाला लावला. पाहुण्यांनी बहुधा फोन तसाच इंजिनाजवळ धरला असावा, कारण बोलणं थांबलं आणि नुसती धडधड ऐकू येऊ लागली. आबा डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी फोन दादाकडं दिला.

“टायमिंग जरा पुढं हाय,” ते म्हणाले. “थोडं मागं घ्यायला सांग त्याला.”